नावांची पट्टी

आपल्या मध्यमवर्गीय घरांतील भिंतीवर काय टांगावे याविषयी शास्त्र कोणी लिहिलेले नाही. तरीही त्या भिंतीस स्वतःचा इतिहास आहे. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो मळवलीस गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती छापील रूपाने आपल्या दिवाणखान्यांत येऊन बसल्या. त्यांच्या शेजारी मागाहून लोकमान्य आले, वडीलधाऱ्यांच्या तसबिरी आल्या. हल्ली त्या भिंतीवर क्रिकेटही आले आहे. जुन्या खेळाडूंची छायाचित्रे मोठी करून, सुती लगद्याच्या जाड कागदावर सहजी न विटणाऱ्या शाईने छापून, कोपऱ्यात पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक घालून ‘कलाकृती’ या नात्याने विकण्याचा व्यवसाय चांगलाच फोफावला आहे. किंमत ऐकून रविवर्म्याच्या काळचा एखादा गृहस्थ तेथेच भिंतीला टेकून बसला असता!

मला या व्यवसायाचा राग नाही. काचेवर घेतलेल्या त्या जुन्या चित्रांत तपशील इतका बारीक उतरलेला असतो की मूळ काच चांगली असेल तर सदऱ्याच्या गुंड्या मोजून घ्याव्यात. माझी तक्रार निराळी आहे. पूर्वी संघाचे छायाचित्र काढले की ते पुठ्ठ्यावर चिकटवीत आणि खाली सुरेख अक्षरांत उभे कोण, बसलेले कोण, ती नावे ओळीने लिहीत. आजचा छापणारा ही पट्टी बहुधा कापून टाकतो. नावांमुळे म्हणे चित्राची शोभा जाते.

गेल्या महिन्यात एका दुकानात अशीच एक प्रत पाहिली. 1911 साली इंग्लंडात गेलेल्या हिंदी संघाची ती होती. खाली केवळ देश आणि साल. दुकानदाराने पतियाळाचे महाराज तेवढे ओळखले, कारण त्यांच्यामुळेच ती प्रत खपते. महाराज भूपिंदरसिंग त्या संघाचे नायक खरे. परंतु वय अवघे एकोणीस, त्यात पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्याभिषेकाचा उन्हाळा. मेजवान्यांतून मैदानावर यावयास त्यांना सवड थोडी सापडली. संघ बहुतेक सामने हरला. त्या पराभवांच्या राशीत एका डावखुऱ्या गोलंदाजाने 114 गडी बाद केले, आणि लीस्टरशायरवर विजय मिळाला त्या सामन्यात एकट्याने अकरा. त्याचे नाव बाळू पालवणकर. ‘हे कोण?’ असे दुकानदाराने मलाच विचारले.

पालवणकरांचे घराणे कोकणातले, जातीने चांभार. वडील पुण्यास लष्कराच्या चाकरीत. बाळूंचे शिक्षण मैदानावरच झाले. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टी झाडीत, रूळ फिरवीत, जाळी बांधीत. आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत टाकीत गोलंदाज झाले. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज स्वतः बाद झाला की दर खेपेस त्यांना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. मग पुण्याच्या हिंदू संघास गोऱ्यांना हरवावयाचे म्हणून या गोलंदाजाची गरज भासली. बऱ्याच वादानंतर त्यांना घेतले, पण मैदानापुरतेच. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पान निराळे. चेंडू मात्र एकच होता. तो त्यांच्या हातून सर्वांच्या हाती जाई आणि त्याने कोणी बाटत नसे.

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस गेले. 1906 साली हिंदूंनी युरोपीयनांस हरविले त्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता, आणि तेव्हा त्यांचा जयजयकार करणारांत उच्चवर्णीयही होते. तथापि हिंदू संघाचे नायकपद त्यांच्या वाट्यास रीतसर कधीच आले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेव्हा बाळू पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते.

मी ती प्रत विकत घेतली. घरी आत्याबाई आहेत. वय नव्वदीच्या पुढे, पण चष्मा लावला की दृष्टी शाबूत. हे सर्व त्यांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आपल्या वाड्यातही होता रे तो कप. मागल्या दारी, कोनाड्यात. कान तुटलेला. तो कोणासाठी, हे मला कोणी शिकविले नव्हते. तरी मला ते ठाऊक होते. मीच त्यात वरून चहा ओतीत असे.” या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोळी असा कोनाडा असेल. त्याचे छायाचित्र कोणी काढून ठेवलेले नाही.

चौकट करणाराकडे गेलो तेव्हा खाली चार बोटे कोरी पट्टी ठेवावयास सांगितली. नावे मिळविण्यास फारसे कष्ट पडले नाहीत. जुन्या धावपत्रकांत ती आहेत. फक्त तेथे बाळूंचे नाव ‘पी. बाळू’ आणि त्या दौऱ्यावर सोबत असलेल्या भावाचे ‘पी. शिवराम’ असे उलटे छापलेले. आडनावाचे आद्याक्षर करून नावालाच आडनाव केलेले! अक्षरे लिहिणारा तसेच लिहू लागला होता. त्याला थांबवून दोघांचीही नावे पुरती लिहविली: बाळू पालवणकर, शिवराम पालवणकर. जागा थोडी अपुरी पडली, म्हणून महाराजांच्या पदव्यांपैकी दोन गाळाव्या लागल्या.