करमाळ्याचा माळ आणि गाडीतील शीतपेटी

पुण्याहून कुंथलगिरीस निघालेली यात्रेकरू मंडळी करमाळा-परांडा मार्गाने गेली, तर दुपारचा विसावा बहुधा करमाळ्यास पडतो. गावाच्या पूर्वेस श्रीदेवीचा माळ आहे. तेथे अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी बांधविलेले कमलाभवानीचे मंदिर, त्यासमोरील उंच दीपमाळा आणि जवळच ९६ पायऱ्यांची विहीर. चैत्र-वैशाखात माळावर उभे राहवत नाही. पण विहिरीच्या पायऱ्या उतरू लागले की हवा अंगाला निराळी लागते. थंड हवा जड, ती तळाशी बसून राहते आणि वरच्या वाऱ्याला तिला हलविता येत नाही.

हा तालुका पर्जन्यछायेतला. दक्षिणेस उजनीचे फुगवट्याचे पाणी आले, त्यामुळे केळी-उसाचे मळे वाढले आणि रोहित पक्षी येऊ लागले. केमच्या कुंकवाची कीर्ती तर जुनीच. तरी गावाच्या आसपासचा माळ कोरडाच राहिला. हा कोरडेपणा एका बाबतीत उपकारक आहे. येथील माठात पाणी जसे गार होते तसे मुंबईच्या दमट हवेत होत नाही. माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि हवा जितकी कोरडी तितकी ही वाफ लवकर होते.

अलीकडे यात्रेस स्वतःची सोय असलेली मोठी गाडी नेण्याची रीत वाढते आहे. शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाडीत झोपण्याची जागा, ओटा आणि कित्येकदा गॅसवर चालणारी शीतपेटी असते. ज्योत पेटवून थंडावा मिळतो हे ऐकून घरातील वडीलधारी मंडळी हसतात. परंतु त्यामागचे तत्त्व माठाचेच आहे. पाण्याऐवजी तेथे अमोनिया असतो. बंद नळ्यांत पाण्यात विरघळलेला अमोनिया लहानशा ज्योतीने तापून वेगळा होतो, वर जाऊन निवतो, द्रव होतो. पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होते आणि ती वाफ पेटीतील उष्णता शोषून घेते. मग पाणी त्याला परत सामावून घेते. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडनमधील दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती काढली. तीत पंप नाही, आवाज नाही. वीज न पोहोचलेल्या प्रदेशांत लसी राखण्यासाठी अशाच पेट्या कित्येक वर्षे वापरल्या गेल्या.

पंप नसल्यामुळेच तिला सपाट जागा लागते. आतला द्रव केवळ स्वतःच्या भाराने वाहतो. गाडी कललेली उभी केली तर तो अडतो, नळी अति तापते आणि पेटी कायमची बिघडू शकते. माळाच्या उतारावर गाडी लावणाऱ्याने चाकाखाली फळी सरकवून ती समतल करावी. मागील जाळी सावलीकडे असावी व तिच्यासमोर सामान रचू नये. इंधन फार लागत नाही. दिवसाकाठी साधारण पाव ते अर्धा किलो.

परंतु यात्रेकरूंच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. पेटीत ठेवायचे काय? सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या, शिळे न खाणाऱ्या घराला उरलेले अन्न राखायचे नसते; बर्फ तर बावीस अभक्ष्यांतच गणला आहे. दूध, थोडी फळे, भाजी एवढेच उरते, आणि ती करमाळ्याच्या बाजारात ताजी मिळतात. म्हणजे पुष्कळदा ही पेटी केवळ इन्सुलिनसाठी घेतली जाते. नेमकी तेथेच ती दगा देते. गॅसवरची लहान पेटी बाहेरच्या तापमानाहून साधारण २५ ते ३० अंश खाली जाते. बाहेर ४२ अंश असता आत १२ ते १७ अंश राहतील. न उघडलेल्या इन्सुलिनला मात्र २ ते ८ अंश हवेत. हात लावून गार वाटते, म्हणून कोणी तपासत नाही. पेटीत तापमापक ठेवणे हाच त्यावर उपाय. औषधांचा साठा मोठा असेल तर बॅटरीवर चालणारी कॉम्प्रेसरची पेटी अधिक भरवशाची. वापरात काढलेली कुपी बहुधा सुमारे चार आठवडे ३० अंशांखाली ठेवली तरी चालते, पण मुदत तिच्या माहितीपत्रकात पाहावी. तिच्यासाठी पाण्याने भिजवून वापरावयाची थंड पिशवी मिळते, आणि करमाळ्याच्या कोरड्या हवेत ती उत्तम काम देते.

आता ज्योतीविषयी. गाडी चालू असताना गॅस बंद ठेवून पेटी गाडीच्या विजेवर घ्यावी. नळी निसटली वा धक्का बसला तर चालत्या गाडीत ज्योत नको. पेट्रोल पंपाच्या आवारात शिरण्यापूर्वी ती विझविलीच पाहिजे. गॅस हवेहून जड. विहिरीच्या तळाशी थंड हवा बसते तसा गळलेला गॅस गाडीच्या तळाशी साचतो, म्हणून हवा खेळण्याची छिद्रे तळालगत असावी लागतात; वरची खिडकी उघडून भागत नाही. वास आला तर दिव्याचे बटणही दाबू नये, टाकी बंद करून सर्वांनी खाली उतरावे. घरगुती टाकी चादरीत गुंडाळून आसनाखाली सरकविण्याची सवय तर यात्रेच्या बसगाड्यांत सर्रास दिसते, आणि ती सर्वांत घातक आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या, लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्याला आग लागून नऊ जण दगावले. प्रवाशांनी बेकायदा आत नेलेला गॅस सिलिंडर हे त्याचे कारण रेल्वेने सांगितले. ती मंडळीही आपापल्या पद्धतीचे अन्न मिळावे एवढ्याचसाठी तो घेऊन निघाली असणार.

स्वयंपाक करावयाचाच असेल तर टाकी बाहेरून उघडणाऱ्या, हवेशीर कप्प्यात उभी बांधलेली असावी आणि चूल गाडीबाहेर, उघड्यावर पेटवावी. माळावर जागा मुबलक आहे. आचाऱ्याला वारा अडविण्यापुरती आडोशाची सोय करून दिली की झाले.

ऊन उतरल्यावर गाड्या परांड्याच्या रस्त्याला लागतात. तेथील किल्ला पाहण्यास थांबले तर उशीर होतो, म्हणून बहुतेक मंडळी तो परतीसाठी राखून थेट भूमकडे वळतात. कुलभूषण-देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी येथेच सल्लेखना घेतली. डोंगराच्या पायथ्याशी उतरण्याची व भोजनाची सोय आहे, तेव्हा तेथे पोहोचल्यावर पेटीची ज्योत निश्चिंतपणे विझवावी आणि दार थोडे उघडे ठेवावे, म्हणजे आत कुबट वास धरत नाही.