पिंजरा, टाकी आणि करमणूक

१७ मे २०१३ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने एक परिपत्रक काढून देशात डॉल्फिनालये उभारण्यास मनाई केली. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या गटातला कोणताही प्राणी व्यापारी करमणुकीसाठी वा प्रदर्शनासाठी पकडायचा किंवा परदेशातून आणायचा असेल, तर अशा प्रकल्पाला परवानगी देऊ नये, मग तो खासगी असो की सरकारी, असा त्याचा आशय होता. कोची, मुंबई, दिल्ली परिसरात डॉल्फिनच्या खेळांच्या योजनांची चर्चा त्या सुमारास जोरात होती. ऑर्का, म्हणजे ज्याला किलर व्हेल म्हणतात तो प्राणी, डॉल्फिन कुळातलाच आणि त्या कुळात सर्वांत मोठा. त्यामुळे ही मनाई त्यालाही लागू होते. भारतात ऑर्काचा खेळ कधीच झाला नव्हता. एखादी करमणूक सुरू होण्यापूर्वीच थांबवण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

या परिपत्रकाविषयी एक गैरसमज पसरला. भारताने डॉल्फिनना ‘व्यक्ती’चा दर्जा दिला, अशा बातम्या जगभर झळकल्या. प्रत्यक्षात, डॉल्फिनना त्यांच्या बुद्धिमत्तेमुळे मानवेतर व्यक्ती मानावे आणि करमणुकीसाठी त्यांना कोंडणे नैतिकदृष्ट्या अमान्य ठरवावे, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे, एवढेच परिपत्रकाने नोंदवले होते. त्यातून कोणताही कायदेशीर हक्क निर्माण झाला नाही. तरीही कोंडणेच अयोग्य असू शकते, हा विचार सरकारी कागदावर आला, हे महत्त्वाचे. त्याआधीचा भारतीय कायदा प्रामुख्याने प्राण्याला वागवतात कसे, एवढेच पाहत असे.

सर्कशीची परंपरा

वन्य प्राण्यांच्या खेळांचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. भारतीय सर्कशीचा आरंभच मराठी माणसाच्या हातून झाला. सांगली भागातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे नाणावलेले अश्वशिक्षक. मुंबईत आलेल्या चियारिनी यांच्या इटालियन सर्कशीचे खेळ पाहिल्यावर त्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे देवल, कार्लेकर, माळी अशा अनेक मराठी सर्कशी निघाल्या आणि सांगली-मिरज-तासगाव हा पट्टा सर्कशीचे माहेरघर म्हणून ओळखला जाऊ लागला. विसाव्या शतकात पुण्याच्या दामू धोत्रे यांनी वाघ, सिंह, बिबटे यांना एकाच रिंगणात खेळवून अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत मजल मारली. जनावरांशी विश्वासाने वागणारा शिक्षक असा त्यांचा लौकिक होता.

हा लौकिक नैतिक चर्चेत महत्त्वाचा ठरतो. सर्कशीवरची टीका दीर्घकाळ चाबूक, उपासमार आणि मारहाण यांभोवती फिरत राहिली. शिक्षक प्रेमळ असेल तर प्रश्न सुटतो, असे त्यातून सूचित होई. पण धोत्र्यांसारख्या शिक्षकाच्या हाताखालच्या वाघालाही खेळाची काही मिनिटे वगळता उरलेला दिवस चाकांवरच्या पिंजऱ्यातच काढावा लागे.

रस्त्यावरच्या खेळात दुःख अधिक उघडे होते. दरवेशी अस्वलाचे पिल्लू आईपासून तोडून आणत. तापवलेल्या सुईने त्याच्या नाकपुडीच्या वरचा भाग भोसकून त्यातून दोरी ओवत आणि पुष्कळदा सुळे काढून टाकत. दोरीला हिसका बसला की जखमेत कळ उठे आणि अस्वल मागच्या पायांवर उभे राही. बघणाऱ्यांना तो नाच वाटे. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातील करडीच्या परिसरात, कोका अभयारण्यालगतच्या गावांत, मोहफुलांच्या हंगामात हेच अस्वल जंगलात वाळवी आणि मोहाची फुले खात फिरताना आढळते. दोरीच्या टोकाचे अस्वल आणि मोहाखालचे अस्वल यांतला फरक समजायला तिथल्या माणसाला पुस्तक लागत नाही.

कायद्याचा प्रवास

प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. खेळात वापरण्याच्या प्राण्यांची नोंदणी त्याने बंधनकारक केली आणि काही प्राणी खेळांतून वगळण्याचा अधिकार केंद्राला दिला. १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना शिकवून खेळ करण्यास बंदी आली. सर्कसमालक न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये त्यांच्या याचिका फेटाळताना, हक्क फक्त माणसापुरतेच का मर्यादित असावेत, असा प्रश्न उपस्थित केला. सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ रोजी बंदी कायम केली. व्यवसायाचे स्वातंत्र्य प्राण्याच्या यातनेवर उभे राहू शकत नाही, हा या निकालांचा गाभा.

ऑर्काचे जीवन

वागणूक सुधारणे पुरेसे की कोंडणेच अयोग्य, या प्रश्नाची सर्वांत कठीण कसोटी ऑर्का पाहतो. पूर्ण वाढलेला नर सहा ते आठ मीटर लांब आणि वजनाने पाच-सहा टन भरतो. तो दिवसाला शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पोहू शकतो. समुद्रातल्या मादीचे सरासरी आयुर्मान सुमारे ५० वर्षे असून काही माद्या ८० पर्यंत जगतात.

त्याहून विशेष आहे ते त्याचे कुटुंब. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर मायकेल बिग यांनी १९७० च्या दशकात पाठीवरच्या पंखाची छायाचित्रे घेऊन प्रत्येक ऑर्काची स्वतंत्र ओळख पटवायला सुरुवात केली. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या कळपांत मुलगे आणि मुली दोघेही आयुष्यभर आईसोबत राहतात, हे त्या अभ्यासातून उलगडले. जॉन फोर्ड यांनी दाखवून दिले की प्रत्येक कळपाच्या हाकांची स्वतःची धाटणी असते आणि पिल्ले ती मोठ्यांकडून शिकतात. शिकारीच्या पद्धतीही अशाच पिढीजात चालत येतात. थोडक्यात, ऑर्का आपल्या कळपाबाहेर पूर्णपणे ऑर्का राहत नाही.

टाकीतील साठ वर्षे

पहिला बंदिवान ऑर्का १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात पकडला गेला आणि दोन दिवसांत मेला. १९६५ मध्ये पकडलेली ‘शामू’ सॅन दिएगोच्या सीवर्ल्डमध्ये गेली आणि ते नाव पुढे खेळाचेच नाव झाले. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह येथे जाळी लावून कळप कोंडण्यात आला आणि पिल्ले वेगळी काढून विकण्यात आली. त्यांतली ‘लोलिता’ मायामीला पोहोचली. तिची टाकी सुमारे ८० फूट लांब आणि जास्तीत जास्त २० फूट खोल होती. लोलिताची स्वतःची लांबी जवळपास त्या खोलीइतकीच होती. १९८० मध्ये तिचा जोडीदार ह्यूगो मेला. त्यानंतर २०२३ मध्ये मरेपर्यंत तिला स्वजातीय सोबत मिळाली नाही.

‘टिलिकम’ हा नर १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडला तेव्हा सुमारे दोन वर्षांचा होता. १९९१, १९९९ आणि २०१० मध्ये तीन माणसांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध आला. त्यांतल्या दोघी प्रशिक्षक होत्या. मुक्त समुद्रात ऑर्काने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. टिलिकमवरचा ‘ब्लॅकफिश’ हा माहितीपट २०१३ मध्ये आला आणि लोकमत बदलले. मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्डने ऑर्कांचे प्रजनन थांबवल्याचे जाहीर केले. कॅनडाने २०१९ मध्ये कायदा करून अशा बंदिवासाला आळा घातला, तर फ्रान्सने २०२१ मध्ये अशा खेळांच्या बंदीचा कायदा केला.

या खेळांत चाबूक नव्हता. शिट्टी वाजे, मासा मिळे, शिक्षक प्राण्याचे लाड करी. तरीही बंदिवासातील प्रौढ नरांचा पाठीवरचा पंख एका बाजूला लोळतो. मुक्त समुद्रात हे क्वचित दिसते. काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी फाटके चावून दात झिजतात, तुटतात. वेगवेगळ्या कळपांतले, वेगवेगळ्या महासागरांतले प्राणी एकत्र कोंडल्याने भांडणे होतात आणि हरलेल्याला पळायला जागा नसते. बंदिवासातील बहुसंख्य ऑर्का तिशीच्या आतच मेले. वागणूक सुधारून यांतले फारसे काही बदलत नाही, कारण दोष वागणुकीत नसून जागेत आहे.

बाजू मांडणारे युक्तिवाद

बंदिवासाच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडले जातात. पहिला, लोकशिक्षणाचा. त्यात तथ्य आहे. १९६० पूर्वी ऑर्काला कर्दनकाळ समजून मच्छीमार गोळ्या घालत. टाकीतला ऑर्का जवळून पाहिल्यावर ती भीती ओसरली. पण ते काम झालेले आहे, आणि चेंडू उडवणारा प्राणी पाहून त्याच्या खऱ्या जीवनाविषयी काही कळत नाही. दुसरा मुद्दा संशोधनाचा. गर्भधारणेचा सुमारे १७ महिन्यांचा काळ, श्रवणशक्ती यांची माहिती बंदिवान प्राण्यांमुळे मिळाली हे खरे. कुटुंब, बोली आणि शिकार यांचे ज्ञान मात्र समुद्रातूनच आले. तिसरा मुद्दा संवर्धनाचा. टाकीत जन्मलेले पिल्लू समुद्रात सोडून कोणत्याही कळपाची संख्या वाढवल्याचे उदाहरण नाही.

भारताचा स्वतःचा अनुभवही बोलका आहे. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या ‘डॉल्फिन सिटी’त बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन सहा महिन्यांच्या आत दगावले. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी येथे सी वर्ल्ड उभारण्याची योजना बरीच वर्षे गाजली. तिथला स्थानिक विरोध मुख्यतः जमिनीसाठी होता. प्राण्यांचा प्रश्न त्या वादात मागेच राहिला.

शंकरपट: एक तुलना

‘मग पटावर बंदी का नको?’ हा प्रश्न पूर्व विदर्भात हमखास विचारला जातो. पीक निघाले की गावोगावी शंकरपट भरतात, बैलांच्या जोड्या धावतात, रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, कारण बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असे न्यायालयाला वाटले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे बदल वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे संविधानातून सिद्ध होत नाही, असेही याच निकालात म्हटले गेले.

पटातल्या क्रूरतेची कारणे ठरावीक आहेत: काठी, चाबूक, पराणी, विजेचा धक्का. नियमांनी नेमकी यांनाच मनाई केली आहे. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातातली पराणी गेली, तर पटातील यातनेचा मोठा भाग जातो, आणि पट संपल्यावर बैल गोठ्यात, हजारो वर्षे माणसासोबत राहिलेल्या आपल्या नेहमीच्या जगात परततो. या मर्यादेतही शर्यत योग्य आहे का, यावर मतभेद राहतील. पण तिथे नियमाने काही साधते. ऑर्काला टाकीतून परतायला गोठा नाही. तिथे नियम कितीही कडक केले तरी टाकी उरतेच. म्हणून एका ठिकाणी नियमन आणि दुसऱ्या ठिकाणी बंदी, यात विसंगती नाही.

हाच निकष प्राणिसंग्रहालयांनाही लावता येतो. नागपूरजवळच्या गोरेवाड्यात जखमी किंवा माणसाशी संघर्षात सापडलेल्या प्राण्यांसाठी बचाव केंद्र आहे. अशा प्राण्याला कोंडण्याचे कारण त्याच्याच गरजेत असते. ऑर्काला पकडण्याचे कारण तिकीटबारीवर असते.

उरलेले प्रश्न

आधीच बंदिवान असलेल्या ऑर्कांचे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. ‘केइको’ १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडला गेला. १९९३ च्या ‘फ्री विली’ या चित्रपटामुळे त्याला सोडण्यासाठी निधी उभा राहिला. १९९८ मध्ये त्याला आइसलँडला नेले आणि २००२ मध्ये तो पोहत नॉर्वेला पोहोचला. पण वन्य कळपाने त्याला सामावून घेतले नाही, त्याची माणसाची ओढ सुटली नाही आणि डिसेंबर २००३ मध्ये तो मेला. म्हणून आता समुद्राचाच एखादा भाग जाळीने बंद करून तिथे अशा प्राण्यांना मरेपर्यंत सांभाळावे, हा पर्याय पुढे येतो. त्याचा खर्च ज्यांनी खेळातून कमावले त्यांनी उचलावा, हे न्यायाला धरून आहे.

कोकणात करमणुकीचे दुसरे रूप रूढ झाले आहे. दापोलीजवळचे मुरूड-कर्दे, गुहागर, तारकर्ली येथून पर्यटकांच्या होड्या डॉल्फिन दाखवायला निघतात. किनाऱ्याजवळ राहणारे कुबडे डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. इथे कोंडणे नाही, पण पाठलाग असू शकतो. कळपाला चहूबाजूंनी घेरणे, आई-पिल्लाच्या मधून होडी नेणे, वेगाने जवळ जाणे यांमुळे त्यांचे खाणे आणि विश्रांती मोडते. इंजिनाचा वेग कमी ठेवून, अंतर राखून, एका कळपाजवळ एका वेळी मोजक्याच होड्या नेणे, एवढी शिस्त पाळली तर होडीवाल्याचा रोजगार टिकतो आणि डॉल्फिनचेही फारसे बिघडत नाही. इथे प्राणी माणसापासून दूर जाऊ शकतो. टाकीतल्या ऑर्काला नेमके तेच नाकारलेले असते.