63 रुपयांचा फरक



दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीवर चार शब्द लिहायचा माझा नेम तुम्हाला माहीत आहे. यंदा उशीर झाला. विषय होता, पण लिहायला हात धजत नव्हता.

आमचा सांगलीतला सहा जणींचा गट. 1981 साली आम्ही बी.कॉम. झालो. त्यातल्या पाच जणी अधूनमधून भेटतो. यंदा मिरजेच्या मैत्रिणीने आंबा घाटातल्या एका हॉटेलात दोन दिवसांचा बेत ठरवला आणि निरोप पाठवला, “सहा खोल्या घेतल्या आहेत. सहावी कोणाची, ते तिथे आल्यावर कळेल.”

बाकीच्यांना गंमत वाटली. माझ्या मात्र पोटात गोळा आला. चातुर्मासात मी शक्यतो बाहेरगावी मुक्काम करत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारण आयतंच होतं. तसं मी घरी बोललेही. आमचे हे पेपरमधून मान वर न करता म्हणाले, “चातुर्मासाचं कारण आहे की दुसरं काही?” मग मी मुकाट्याने पिशवी भरली. दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी, पाणी गाळायचं फडकं आणि तळाशी एक जुनी वही.

त्या वहीची गोष्ट आधी सांगते. शेवटच्या वर्षी आम्ही विजापूरच्या सहलीसाठी दरमहा प्रत्येकी दहा रुपये जमवत होतो. सहा महिन्यांचे 360 रुपये झाले. हिशोब माझ्याकडे, पैशांचा डबा आमच्या सहाव्या मैत्रिणीच्या वसतिगृहातल्या खोलीत. तिकिटांचे आगाऊ पैसे दिल्यावर वहीप्रमाणे 331 शिल्लक हवे होते. डब्यात निघाले 268. त्रेसष्ट रुपये कमी!

मी सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, “डबा तुझ्याच खोलीत होता ना?”

ती काही बोलली नाही. सहलीला आली नाही. आठ दिवसांनी मिरजेच्या मैत्रिणीच्या नावाने 63 रुपयांची मनीऑर्डर आली. पैसे परत आले म्हणजे तिनेच घेतले होते, असं आम्ही धरून चाललो. विजापूरच्या गोलघुमटात वरच्या सज्जात उभं राहून आम्ही एकमेकींची नावं पुकारली. घुमटाने ती पुन्हा पुन्हा परत पाठवली. तिचं नाव कोणीच पुकारलं नाही.

बारा वर्षांपूर्वी माहेरचं घर रिकामं करताना ती वही हाती लागली. 63 आकडा बघितला आणि पहिल्या वर्षी शिकलेलं आठवलं, फरकाला नवाने भाग जात असेल तर आकडे उलटे पडलेत का ते आधी बघावं. पावती वहीतच होती. तिकिटांना दिले होते 92. मी लिहिले होते 29.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी बारा वर्षं कोणालाही सांगितली नाही. दर क्षमावाणीला सगळ्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकून ‘उत्तम क्षमा’ लिहीत राहिले.

मलकापूर सोडलं आणि धुकं सुरू झालं. हॉटेल मुख्य रस्त्यापासून बरंच आत, जंगलाला लागून. फोनला रेंज नाही. मी सूर्यास्ताच्या आत जेवून घेतलं. बाकीच्या सहावीच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या. सात वाजले, साडेसात झाले. पाऊस वाढला आणि दिवे गेले. हॉटेलच्या पोऱ्याने मेणबत्त्या आणून ठेवल्या, त्यावर पाखरं झेपावू लागली. मी उठून एका मेणबत्तीवर काच झाकली. खरं सांगते, त्या क्षणी मनात आलं, रस्ता बंद झाला असेल तर बरं होईल. आणि लगेच स्वतःची भीती वाटली. अशा पावसात, त्या घाटात, एक बाई एकटी येत होती!

साडेआठला उतारावर गाडीचे दिवे दिसले.

पांढरे केस, हातात काठी. पण चाल तीच. ती सगळ्यांना भेटली. माझ्यापाशी येऊन थांबली. मी पाठ केलेलं सगळं विसरले. वही पुढे केली आणि म्हणाले, “चूक माझी होती. आकडे उलटे लिहिले होते. मला बारा वर्षांपासून माहीत आहे.”

तिने चष्मा लावला. मेणबत्तीच्या उजेडात पान बघितलं, पावती बघितली. मग म्हणाली, “आईची शेळी विकून आप्पांनी ते पैसे पाठवले. म्हणाले, पैसे जाऊ देत, नाव राहू दे.” थोडं थांबून म्हणाली, “नाव काही राहिलं नाही.”

कोणी काही बोलेना. मिरजेची मैत्रीण रडायला लागली.

“मी नंतर बँकेत लागले,” ती म्हणाली. “35 वर्षं कॅश सांभाळली. रोज संध्याकाळी कॅश जुळली की तुझी आठवण यायची.”

मी हात जोडले. ती म्हणाली, “लगेच माफ केलं म्हणायला लावू नकोस. मला भूक लागली आहे.” ती जेवली. मी नुसती तिच्याशेजारी बसून राहिले, भाकरी वाढत.

सकाळी चहाच्या वेळी तिने वही मागितली. माझे 29 खोडून काढले नाहीत. वरून एकच रेघ ओढली, शेजारी 92 लिहिले आणि म्हणाली, “आता इथे तुझी सही कर. चुकीची नोंद अशी दुरुस्त करायची असते.” मी सही केली. हात थरथरत होता.

निघताना मी 63 रुपये पुढे केले. तिने घेतले, मोजले आणि पर्समध्ये ठेवले. माफ केलं, असं ती अजूनही म्हणालेली नाही. पण परवा तिचा फोन आला होता, शेंगाचटणी कशी करतेस ते विचारायला.

मैत्रिणींनो, सगळ्या जगाची क्षमा मागणं सोपं असतं. पुढच्या क्षमावाणीला ग्रुपवर काही टाकण्याआधी, ज्या एका नावापाशी बोट अडतं, तिथे आधी फोन लावा. मला 44 वर्षं लागली. तुम्ही एवढा वेळ लावू नका.

उत्तम क्षमा.