भुकेचा दगड

राजे शिलालेख कोरवितात ते येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावेत म्हणून. एल्ब नदीच्या पात्रात मात्र असा एक लेख आहे की, तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडू नये अशीच कोरणाराची इच्छा असली पाहिजे. झेक लोक या नदीला लाबे म्हणतात. ती बोहेमियातून जर्मनीत शिरते, त्या सरहद्दीच्या अलीकडे द्येचीन हे शहर आहे. तेथे काठाशी एक मोठा खडक पाण्यात बुडालेला असतो. नदी फारच आटली म्हणजे तो उघडा पडतो, आणि त्यावरील जर्मन वाक्य वाचता येते : मला पाहिलेस, तर रड.

या खडकाला तिकडे 'भुकेचा दगड' म्हणतात. पाऊस नाही म्हणजे पीक नाही, एवढे कोणासही कळते. पण नदी आटली म्हणजे त्याहून अधिक घडे. पाणचक्क्या थांबत, म्हणून घरात धान्य असूनही पीठ होईना. नावा रुतत, म्हणून परगावचे धान्य येईना. भूक अशी तिन्ही वाटांनी गावात शिरे. खडकावर सालेच साले आहेत : १६१६, १७०७, १७४६, १७९०, १८००, १८११ आणि पुढची कित्येक. त्याआधीचीही होती, नांगर टाकणाऱ्या नावांनी ती झिजवून टाकली. मी हा खडक छायाचित्रांतच पाहिला आहे, तरी त्या उघड्या आकड्यांवरून नजर लवकर हलत नाही.

पुढे कोणी त्याच खडकावर झेक भाषेत उत्तर कोरले : मुली, रडू नकोस, कोरड पडली तर शेतावर पाणी शिंप. सल्ला शहाणा खरा. पण नदीच आटली असता पाणी आणावयाचे कोठून, हे सांगावयास तो गृहस्थ विसरला! मला जुनाच लेखक अधिक प्रामाणिक वाटतो.

२०१८ व २०२२ साली खडक वर आला तेव्हा कोणी रडले नाही. लोक छायाचित्रे घेऊन गेले. त्यांना दोष देववत नाही. पीठ आता विजेवर दळले जाते, धान्य आगगाडीने येते. शिवाय एल्बला मिळणाऱ्या व्लतावा नदीवर विसाव्या शतकात ऑर्लिक, स्लापी अशी मोठी धरणे झाली. कोरड्या दिवसांत ती पाणी सोडून खालच्या पात्राची लाज राखतात. म्हणजे आज खडक दिसतो तो धरणांचे पाणी मिळत असूनही! ती नसती तर नदी कोठवर उतरली असती, हा विचार त्या छायाचित्रांत उमटत नाही.

ज्यांच्या भाषेत तो मूळ लेख आहे, ते बोहेमियातील बहुतेक जर्मन लोक १९४५-४६ साली देशाबाहेर घालविले गेले. शहरात आता झेक बोलतात. वर पाऊस झाला की दोन्ही लेख पाण्याखाली जातात.