हाताला तळ कळावा

उन्हाळ कांदा भरात आला की लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. लिलावाचा घोळका ट्रॉलीपाशी येतो आणि एखादा जुना व्यापारी बोली लावण्याआधी ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो. वरचा कांदा सगळ्यांनाच दिसतो. त्याला खालचा हवा असतो. हे पाहताना मला नेहमी आजोबा आठवतात. गोदावरीच्या काठी गळ टाकून बसलेले, नजर समोर आणि सगळं लक्ष मुठीत. खालचं काय ते हातानेच कळून घ्यायचं, हे त्यांचंही काम. फक्त त्यांचा हात काठी आणि दोरीएवढा लांब झालेला असे.

परवा पुतण्याचा फोन आला. तो कोलोरॅडोत असतो आणि साउथ प्लॅट नदीवर ट्राउट धरायला शिकतो आहे. "काका, दुकानात नुसत्या छड्याच छड्या आहेत. नऊ फुटी, दहा फुटी, अकरा फुटी. त्यात पुन्हा नंबर. मला निंफने मासे धरायचेत. कुठली घेऊ?" त्याच्या लहानपणी गळाला गांडूळ लावायला मीच शिकवलं होतं, त्या हक्काने त्याने विचारलं. मी दोन दिवस मागून घेतले.

आजोबांची काठी मानवेलीची होती. बांबूची ही जात कोरड्या डोंगरावर जवळजवळ भरीव वाढते. लाठ्या तिच्याच होतात. काठी आणली की आजोबा डोळे मिटून बुडखा मुठीत धरत आणि मला शेंड्याला टिचकी मारायला सांगत. टिचकी मुठीपर्यंत पोचली तर काठी गळाला. नाही पोचली तर टोमॅटोच्या मांडवाला. छडी निवडण्याची याहून चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

आणि मानवेलीचं नातं पुतण्याच्या दुकानाशीही आहे. 1840 च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका घडवणारा कारागीर होता. बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून आणि चिकटवून त्याने माशांसाठी छड्या केल्या. तिकडचे लोक या बांबूला कलकत्ता बांबू म्हणत, कारण तो हिंदुस्थानातून जाई. तो म्हणजे आपली मानवेलच. पुढे चीनच्या ग्वांगडोंगमधल्या टोंकिन बांबूने तिची जागा घेतली, मग काचतंतू आले आणि आता कार्बन. सामान बदललं, टिचकी तीच राहिली.

नंबरचा प्रश्न मात्र आजोबांच्या अनुभवाबाहेरचा. आपल्याकडे शिशाचा तुकडा गळ पाण्यात नेतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला बांधलेली पिसांची माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून दोरीच जड करतात आणि दोरी फेकली की माशी मागोमाग जाते. छडीवरचा नंबर या दोरीच्या वजनाचा असतो. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे नऊ ग्रॅम भरतात, तीन नंबरचे साडेसहा.

निंफ आला की हे सगळं उलटं होतं. निंफ म्हणजे पाण्यातल्या किड्याचं पंख फुटण्याआधीचं रूप, आणि गळावर बांधलेली त्याची नक्कलही. आपल्याकडे चतुर असाच पाण्यात वाढतो, मग पाणकणसावर चढून कांद्याच्या पापुद्र्यासारखी कात मागे ठेवून उडून जातो. ट्राउटचं बहुतेक खाणं अशा पाण्याखालच्या जिवांवर चालतं. लंडनचा वकील स्क्यूज याने 1910 साली पुस्तक लिहून हे मांडलं, तेव्हा फक्त तरंगती माशी वापरणाऱ्या मंडळींना ते रुचलं नाही. 1938 पर्यंत तो वाद धुमसत होता. पुढे इंग्लंडमधल्या एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयरने फेजंट पक्ष्याच्या शेपटीची पिसं तांब्याच्या तारेने गुंडाळून निंफ बांधला. बांधणीही त्या तारेचीच, वजनही तिचंच. मला या माणसाचा फार आदर वाटतो.

वजन निंफमध्येच आलं की जड दोरी हवी कशाला? उलट ती आड येते. नदीचं वरचं पाणी वेगाने पळतं, तळाचं दगडांना घासत सावकाश जातं. जाड दोरी वरच्या पाण्याबरोबर धावते आणि तळातल्या निंफला फरफटत नेते. म्हणून लांब छडीने दोरी पाण्याच्या वर उचलून धरायची आणि पाण्यात फक्त केसासारखा बारीक भाग ठेवायचा. मध्ये एक रंगीत तुकडा असतो, त्याच्यावर नजर. आमच्या गळाला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा असे, तसाच.

नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात गेलात तर असंच फक्त बारीक टोक पाण्यात ठेवणारा पक्षी दिसेल. लाल लांब पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात उभा राहतो, सुईसारखी चोच पाण्यात घालतो आणि किडे टिपतो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणी 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथे दुर्बीण घेऊन जावं.

पुतण्याला मी कळवलं: दहा फुटी घे, तीन नंबरची. अकरा फुटी दिवसभर धरून मनगट दुखेल. पाच नंबरचा शेंडा ताठ, बारीक दोरी तोडेल आणि टिचकी पोचवणार नाही. दोरी गुंडाळायचं चाक थोडं वजनदार लाव, म्हणजे शेंडा खाली झुकणार नाही. दोरी मिळेल तितकी बारीक. आणि पैसे देण्याआधी डोळे मिटून शेंड्याला कुणाला तरी टिचकी मारायला सांग.

एक गोष्ट त्यालाही लिहिली, तुम्हालाही सांगतो. जुन्या दोऱ्या घोड्याच्या केसांच्या, रेशमाच्या, सुताच्या होत्या. त्या कुजून जात. आपली तंगूस नायलॉनची. ती काठावर वर्षानुवर्षं पडून राहते आणि शेकाट्याच्या पायात अडकते. गळ टाकायला बसलात, तर तुटलेला प्रत्येक तुकडा गुंडाळून खिशात घाला आणि घरी न्या.