अक्षर लागले पाहिजे

आमच्या घराण्याचे मोडी कागद होळकरशाहीपासून एका लाकडी पेटीत जपलेले आहेत. ते वाचू शकणारे घरातील शेवटचे गृहस्थ म्हणजे आमचे धाकटे काका. २००४ ते २००६ या काळात दर रविवारी काका भिंग लावून वाचीत आणि आम्ही संगणकावर देवनागरीत उतरवून घेत असू. मोडीत शब्दांमध्ये अंतर सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही बहुधा पाळत नाहीत. एखाद्या ओळीपाशी काका थबकत, मागे जात आणि मग एकदम म्हणत, "लागलं रे!" २००९ साली काका गेले. सेवानिवृत्तीनंतर हे सारे नीट लावू, अशा विचाराने आम्ही तो संगणक झाकून ठेवला.

गेल्या वर्षी आवरण काढले, तर संगणक सुरूच होईना. नोकरीत आम्ही कित्येक नस्त्यांवर 'एक प्रत अभिलेखागारात ठेवावी' असा शेरा मारला असेल. घरच्या या कामाची मात्र दुसरी प्रत काढलेली नव्हती. इंदूरच्या टागोर मार्गावरील संगणकांच्या बाजारात तो घेऊन गेलो. तेथील तरुणाने पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "अंकल, मदरबोर्ड गया, पर डिस्क ठीक लग रही है." डिस्कमधून खटखट आवाज येत असता, तर ती पुन्हापुन्हा चालवून पाहणे घातक ठरले असते, आतील वाचनशीर्ष तबकडीवर घासून मजकूर कायमचा जातो. आमच्या डिस्कला चाळीस टाचण्यांची जुनी जोडणी होती. जोडयंत्र लावून, तिच्यावर काहीही न लिहिता, त्याने प्रथम संपूर्ण प्रत काढली. सत्तेचाळीसपैकी शेहेचाळीस फायली हाती आल्या. शेवटची तेवढी बिघडलेली निघाली.

घरी येऊन पहिली फाईल उघडली आणि हात थबकला. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा नुसता काला! मजकूर पूर्ण होता, पण वाचता येत नव्हता. त्या काळच्या अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट नसेल, तर संगणकाला खालची रोमन अक्षरेच दिसतात. सुदैवाने तो फाँट जुन्या डिस्कमध्येच सापडला. तो नव्या संगणकात घातल्यावर काकांचे रविवार पुन्हा उमटले. पुढे मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसे, रफार जागा सोडी. कारण जुन्या फाँटात ही चिन्हे दिसतात त्या क्रमाने साठवलेली होती. प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागली. आता तिन्ही मुलांकडे एकेक प्रत आहे.

राहिली ती सत्तेचाळिसावी. तिचा मूळ कागद पेटीत सुखरूप आहे. वाळवी नाही, डाग नाही, शाईसुद्धा काळीभोर. तो समोर धरला, तेव्हा पडद्यावरचा तो काला आठवला. दोहोंत फरक तो काय? मजकूर दोन्हीकडे शाबूत होता. तेथे फाँट नव्हता, येथे काका नव्हते. फाँट डिस्कवर ठेवता आला. काकांजवळची विद्या मात्र त्यांच्याशेजारी दोन वर्षे बसूनही आम्ही घेतली नाही. टंकलेखन करीत राहिलो. कागद जपणे हेच आपले कर्तव्य, अशी आमची समजूत होती.

मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजे संगणकाची सोय झाली. आमची आम्हालाच करावी लागणार. गेल्या दिवाळीपासून आम्ही रोज संध्याकाळी मोडीची बाराखडी गिरवतो. काकांनी वाचलेले शेहेचाळीस कागद आणि त्यांचे देवनागरी लेखन शेजारी ठेवले की तेच आमचे गुरुजी होतात. धाकटी नात कधीमधी जवळ बसते. तिचा हात आमच्यापेक्षा लवकर वळतो.

सत्तेचाळिसाव्या कागदावरचे आतापर्यंत सात शब्द लागले आहेत. त्यांतला एक तिने लावला.