पाहुणचार आणि कोळसा

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ज्याला लाभते तो भाग्यवान, अशा अर्थाची एक जुनी म्हण गुजरातेत आहे. काशीविषयी मला काही सांगावयाचे नाही. परंतु सुरतेच्या पाहुणचाराचा लौकिक खोटा नव्हे, हे गेल्या मे महिन्यात मी अनुभवले. माझी धाकटी बहीण लग्नानंतर सुरतेतच स्थायिक झाली. तिच्या मुलाच्या लग्नासाठी आम्ही वसईची बत्तीस माणसे तेथे तीन दिवस मुक्कामाला होतो. लग्न आनंदात पार पडले. त्या तीन दिवसांत मात्र एक प्रश्न माझ्या मनात घोळू लागला. आप्तांकडे जाणे आणि आलेल्याचे आदरातिथ्य करणे ही दोन्ही चांगली कामे. पण त्यांच्यापायी आपण हवेत किती धूर सोडतो, आणि तो कमी करणे कोणाच्या हाती आहे?

हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. माणसांच्या कामधंद्यातून जगाची हवा तापविणारे जे वायू निघतात, त्यांतील शंभरापैकी सुमारे आठ-नऊ भाग पर्यटन व्यवसायाच्या खाती पडतात. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथे या व्यवसायातील अनेक संस्थांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २०३० पर्यंत हा भार निम्म्यावर आणावयाचा आणि उशिरात उशिरा २०५० पर्यंत तो शून्यवत करावयाचा, असे त्यात ठरले. ठराव उत्तम आहे. पण ठराव कागदावर राहतो आणि धूर मात्र गाडीतून व खोलीतून निघतो.

प्रथम गाडीचे पाहू. निघण्यापूर्वी आमच्या घरी दोन पक्ष पडले होते. तरुण मंडळींचा आग्रह होता की आठ मोटारी कराव्यात. वडीलधाऱ्यांचे म्हणणे आगगाडीने जाऊ. वसईहून सुरत दोनशे किलोमीटरांहून थोडी अधिक दूर. जाऊन-येऊन एका मोटारीस अदमासे अठ्ठावीस लिटर पेट्रोल लागते, आणि एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे २.३ किलो कार्बन वायू हवेत जातो. आठ मोटारींचा हिशेब पाचशे किलोंच्या वर गेला! हा आकडा ऐकून नव्हे, तर महामार्गावरील खोळंब्याच्या भीतीने तरुणांनी माघार घेतली. पण परिणाम चांगलाच झाला.

मुंबई आणि सुरत रुळांनी जोडली गेली ती १८६४ साली. आज त्या मार्गावर गाड्या विजेवर धावतात. ही वीज अजून बहुतांशी कोळशातूनच येते, हे खरे. तरीही पोलादी रुळावर पोलादी चाक थोडक्या शक्तीने फिरते आणि एकच इंजिन हजार-दीड हजार माणसे ओढून नेते, म्हणून दर माणशी भार फारच कमी पडतो. जवळची वाट शोधल्यानेही इंधन वाचते. सुरतेजवळील हजिरा आणि सौराष्ट्रातील घोघा यांच्यामध्ये २०२० च्या नोव्हेंबरात वाहने नेणारी आगबोट सुरू झाली. रस्त्याने जे अंतर सुमारे ३७० किलोमीटर होते, ते समुद्रातून ९० वर आले.

आता खोलीचे पाहू. आम्ही उतरलो होतो ते हॉटेल नवे आणि प्रशस्त होते. मे महिन्यातील सुरतेचा उन्हाळा मोठा कडक. तेव्हा थंड हवेच्या यंत्राची निंदा मी करणार नाही. परंतु मंडळी दिवसभर मांडवात असता सोळा रिकाम्या खोल्या अठरा अंशांवर गारठत पडलेल्या होत्या. एकदाच वापरलेले टॉवेल रोज धुलाईला जात होते. सकाळच्या न्याहारीतून उरलेले अन्न पिंपे भरून बाहेर निघे. या कशानेही पाहुण्याच्या सुखात काडीचीही भर पडत नव्हती. सरकारने २०२० च्या जानेवारीपासून अशा यंत्रांना मुळातच २४ अंशांची खूण घालून देण्याचा नियम केला आहे. तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. दिवंगत परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या जतनाविषयी २०१५ साली जे विश्वपत्र लिहिले, त्यातही वातानुकूलनाच्या वाढत्या हव्यासाचा उल्लेख उदाहरणादाखल मुद्दाम केलेला आहे.

त्याच सुरतेत मुगल सराई नावाची एक जुनी इमारत आहे. शहाजहानच्या काळी, १६४४ साली, मक्केच्या वाटेवरील यात्रेकरूंच्या निवासासाठी ती बांधण्यात आली. १८६७ पासून तिच्यात नगरपालिकेची कचेरी आली. जाड भिंती, कमानी आणि मधले अंगण एवढ्या सामग्रीवर तेथे दूरदूरच्या पाहुण्यांना सावली व विसावा मिळत असे. आपण त्या काळात परत जावे, असे मी म्हणत नाही. परंतु पाहुणचार कोळशावाचून होत होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

ती सराई मी मुद्दाम माझ्या पुतण्याला दाखविली. त्यास कारण होते. आमच्या वाडीत चार खोल्या बांधून शनिवार-रविवारी मुंबईच्या पाहुण्यांना देण्याचा त्याचा बेत आहे. बँकेकडे कर्जाचा अर्जही गेला आहे. तो म्हणाला, “काका, भिंती जाड करीन, पण खोलीत एसी नाही म्हटले की गिऱ्हाईक फोन ठेवते. मग हप्ता कसा फेडायचा?”

त्याचे म्हणणे रास्त होते. पोटापाण्याच्या धंद्याला कोरडा उपदेश पुरत नाही. परतीच्या गाडीत आम्ही दोघांनी मिळून आराखडा केला. आंब्याची झाडे तोडावयाची नाहीत. खोल्या त्यांच्या सावलीत घ्यावयाच्या. पश्चिमेला पडवी, समोरासमोर खिडक्या, वर कौले. अंघोळीचे पाणी सूर्याच्या उष्णतेवर तापवावयाचे. एसी बसवावयाचा, पण त्याचा मीटर निराळा. जो पाहुणा पंख्यावर राहील त्याला भाड्यात सूट. उरलेसुरले अन्न खड्ड्यात जाऊन वाडीचे खत होईल. खर्च मांडून पाहिला तेव्हा विजेच्या बिलातील बचत हप्त्याला हातभारच लावील, असे त्यालाही दिसले.

यात आपल्या गावांचे हित गुंतलेले आहे. २००६ च्या ऑगस्टात तापीच्या पुराने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. २०१८ च्या जुलैत वसईचे रूळ पाण्याखाली गेले आणि मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. पुराची कारणे अनेक असतात. सुरतेच्या पुरात उकाई धरणातून सोडलेले पाणी होते. परंतु तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि पाऊस एकदम कोसळतो, हे शास्त्र सांगते. मिठागरातील त्या मजुरांनी कधी हॉटेलच्या गार खोलीत पाऊल टाकले नसेल. दुसऱ्यांच्या चैनीची किंमत मात्र त्यांच्या चुलीत पाणी शिरून वसूल होते.

म्हणूनच मला वाटते, या कामी पाहुण्यापेक्षा यजमानाचे कर्तव्य मोठे आहे. पाहुणा दोन दिवस राहतो आणि दिवा मालवून जातो. भिंत किती जाड, खिडकी कोणीकडे, हे यजमान पन्नास वर्षांसाठी ठरवितो. आपल्या वाड्यावाड्यांतून पाहुण्यांसाठी खोल्या उभ्या राहत आहेत. ज्यांचे पाये अजून खणावयाचे आहेत, त्यांनी गवंड्याला बोलावण्यापूर्वी एक दिवस वाडीत बसून वारा कोठून येतो आणि सावली कोठे पडते, एवढे पाहून घ्यावे.